रेषा बारीक म्हणजे तारा मोठा, रेषा रुंद म्हणजे ढग मोठा: मग खरं काय?

जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. कॉलेजात सेमिनार आहे आणि तिनं विषय घेतलाय 'वर्णरेषांची रुंदी आणि खगोलीय वस्तूंचं आकारमान'. वर्णरेषा म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे केले की ठराविक रंगांच्या जागी दिसणाऱ्या उजळ किंवा काळ्या रेषा. परवा जेवताना वही माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, पप्पा, ही तीन वाक्यं वाचा आणि यातलं खोटं कोणतं ते सांगा.

पहिलं: सारख्याच तापमानाच्या दोन ताऱ्यांपैकी ज्याच्या हायड्रोजनरेषा बारीक, तो तारा मोठा. दुसरं: अंतराळातल्या रेणूंच्या ढगांमध्ये ज्याची रेषा रुंद, तो ढग मोठा. तिसरं: क्वेसारमध्ये, म्हणजे कृष्णविवरामुळं झळाळणाऱ्या दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रात, जितकी रुंद रेषा, तितका ती सोडणारा भाग लहान.

मी गच्चीवर दुर्बीण लावून शेजारच्या पोरांना शनीची कडी दाखवणारा माणूस. माझी गाडी इथं अडली. तिन्ही वाक्यं चांगल्या पुस्तकांतून उतरवलेली आहेत, म्हणजे खोटं एकही नसणार. मग एकाच रुंदीतून तीन उलटसुलट उत्तरं कशी? या मंडळींत पुण्याला रेडिओ दुर्बिणीवर काम करणारं कुणीतरी आहे असं ऐकून आहे. त्यांनी जरा लक्ष घालावं.

कडकभाकरी

काय ओ मालक, माझी अडचण तर त्याच्याही आधीची आहे. रेषेची रुंदी मोजणार नॅनोमीटरच्या शंभराव्या भागात. तारा लाखो किलोमीटरचा. एका बाजूनं नॅनोमीटर घातला की दुसऱ्या बाजूनं किलोमीटर बाहेर पडतो असं यंत्र कुठं मिळतं सांगा, अक्कलकोट रोडला शेड घेऊन दोन बसवतो.

प्रॅक्टिकलची_खोली

आधी रेषा डोळ्यांनी बघून घ्या, मग पुढचं. आमच्याकडं सोडियमचा दिवा आहे, स्पेक्ट्रोमीटर आहे, इंचाला १५,००० रेघांची ग्रेटिंग आहे, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी. दिवा लावल्यावर पहिली काही मिनिटं तो गुलाबी-लाल जळतो, आतल्या निऑनमुळं. मग सोडियमची वाफ झाली की पिवळा. टेलिस्कोप फिरवत दुसऱ्या ऑर्डरवर नेला की ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा शेजारीशेजारी उभ्या दिसतात. आता कॉलिमेटरच्या स्लिटचा, म्हणजे उजेड आत येतो त्या फटीचा, स्क्रू हळूहळू सोडत जा. रेषा जाड व्हायला लागतात, मधली काळी फट बुजते, शेवटी दोघींचा एक पट्टा. दिव्यात काहीही बदललेलं नाही. ही सगळी जाडी आपल्या यंत्राची. पोरं दरवर्षी इथंच फसतात. कुणी 'रेषा रुंद आहे' म्हणालं की पहिल्यांदा विचारायचं, त्यातली यंत्राची किती?

दुसरा प्रयोग रस्त्यावर करायचा. आता सगळीकडं एलईडी आले, पण जुन्या सोडियमचा एखादा दिवा गोदामाच्या आवारात अजून सापडतो. तो दिवा जास्त दाबाचा असतो. लांब उभं राहून हातातल्या ग्रेटिंगमधून त्याच्याकडं बघा. ५८९ च्या जागी रेषा नसतेच. पिवळ्या-नारिंगी उजेडाचा रुंद पट्टा असतो आणि बरोबर मधोमध, जिथं सगळ्यात जास्त उजेड पाहिजे तिथंच, काळी चीर. सोडियम तोच, पण वाफ दाबलेली आहे. अणू एकमेकांना खेटलेत म्हणून रेषा पसरली, आणि नळीच्या कडेची थंड वाफ मधला उजेड गिळते म्हणून चीर पडली. प्रयोगशाळेतला दिवा कमी दाबाचा, त्याची रेषा सुतासारखी. मुलीचं पहिलं वाक्य या दोन दिव्यांत आहे.

कडकभाकरी

दिवा समजला. किलोमीटर अजून आलेला नाही.

हिप्परगा

जुळेसोलापूर, ती रेडिओवाली मीच. मूळची सोलापूरची, आता पुण्यात असते. लेकीला सांगा, तिन्ही वाक्यं खरी आहेत.

कडकभाकरींचा आक्षेप मात्र अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. रेषेच्या रुंदीतून लांबी कधीच थेट निघत नाही. निघतो तो वेग, नाहीतर दाब. त्याला किलोमीटरमध्ये आणायचं तर जोडीला दुसरी एखादी मोजलेली गोष्ट लागते. कुठं ती फिरण्याचा काळ असते, कुठं गुरुत्व, कुठं प्रकाशाला पोचायला लागलेला उशीर. प्रत्येक वाक्यात ही दुसरी गोष्ट कोणती, ते शोधलं की वाक्यं आपसांत भांडत नाहीत.

वेग काढायची रीत सोपी आहे. रुंदीला तरंगलांबीनं भागायचं आणि प्रकाशाच्या वेगानं गुणायचं. हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.३ नॅनोमीटरची. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,८०० केल्विन. तिथले हायड्रोजनचे अणू सैरावैरा धावतात, काही आपल्याकडं, काही पलीकडं, आणि नुसत्या त्या धावपळीनं ही रेषा ०.०३६ नॅनोमीटरइतकी पसरते. हिशेब केला की सेकंदाला १६ किलोमीटर येतात. लोखंडाचा अणू छप्पनपट जड आहे, म्हणून त्याच तापमानाला त्याची रेषा साडेसातपट बारीक. या रुंदीवरून तापमान कळेल, पण तारा केवढा याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. अणूची स्वतःची अशी एक नैसर्गिक रुंदीही असते, नॅनोमीटरच्या लाखाव्या भागाच्या घरातली. ती इथं सोडून द्या.

आता पहिलं वाक्य. पाऊस उघडला की ऑक्टोबरात संध्याकाळी उत्तरेकडं तोंड करून वर बघा. अभिजित आणि डेनेब दोन्ही दिसतात, दोन्ही पांढरे, तापमानही जवळपासचं: अभिजितचं ९,६०० केल्विनच्या आसपास, डेनेबचं ८,५००. अभिजितची त्रिज्या सूर्याच्या अडीचपट, डेनेबची दोनशेपटीच्या आसपास. वर्णपटात अभिजितच्या हायड्रोजनरेषा अघळपघळ पसरलेल्या, दोन्ही बाजूंना लांब पंख असलेल्या. डेनेबच्या तिथल्याच रेषा बारीक आणि टोकदार.

कारण गुरुत्वात आहे. डेनेबचं वस्तुमान सूर्याच्या वीसेकपट, पण त्रिज्या दोनशेपट, आणि गुरुत्व त्रिज्येच्या वर्गानं उतरतं. त्यामुळं त्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीच्या पाऊणशेव्या भागाइतकंच उरतं. अभिजितवर ते पृथ्वीच्या नऊपट आहे. गुरुत्व कमी म्हणजे वरचं वातावरण सैल, विरळ, दाब कमी. अणूंना एकमेकांचा त्रास कमी. गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत पिपाणी वाजवणाऱ्या पोराला सारखे धक्के बसले की त्याचा एकही सूर पुरता लागत नाही, तसं दाटीतल्या अणूच्या लहरीचं होतं. लहर मध्येच तुटते, आणि तुटक लहरीची तरंगलांबी नेमकी राहत नाही.

म्हणजे साखळी अशी: रेषेवरून दाब, दाबावरून गुरुत्व, आणि गुरुत्वावरून त्रिज्या. शेवटच्या पायरीला वस्तुमान लागतं आणि ते रेषा देत नाही. जोडताऱ्यांच्या कक्षांवरून, नाहीतर ताऱ्यांच्या घडणीच्या गणितावरून आणावं लागतं. कडकभाकरी, तुमचा किलोमीटर तिथून येतो.

प्रॅक्टिकलची_खोली

पिपाणीत एक पुरवणी. हायड्रोजनच्या बाबतीत नुसते धक्के नसतात. आजूबाजूचे आयन आणि इलेक्ट्रॉन विद्युतभारित असतात, त्यांच्या विद्युतक्षेत्रानं हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्याच फाकतात. हा स्टार्क परिणाम. हायड्रोजन याला भलताच हळवा आहे, म्हणून ताऱ्याचं गुरुत्व मोजायला पांढऱ्या ताऱ्यांत त्याच्याच रेषा वापरतात. सूर्यासारख्या पिवळ्या ताऱ्यात ही युक्ती तितकी चालत नाही. तिथं मॅग्नेशियम, कॅल्शियमच्या जाड रेषांचे पंख बघतात.

गुर्जी

या बारीक रेषांमागं एक कथा आहे, आणि सेमिनारात ती सांगितलीच पाहिजे असं माझं मत. हार्वर्डच्या वेधशाळेत अँटोनिया मॉरी नावाच्या बाई ताऱ्यांचे वर्णपट तपासत होत्या. १८९७ साली त्यांची यादी छापून आली. काही ताऱ्यांच्या रेषा विलक्षण बारीक आणि रेखीव आहेत हे त्यांनी टिपलं आणि त्यांचा वेगळा गट पाडला. वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांना हा तपशील नको होता, काम लवकर उरकायचं होतं. पुढं हार्वर्डच्या वर्गीकरणातून तो भेद गळालाच.

१९०५ साली डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंगनं तीच यादी हातात घेतली. बारीक रेषांचे तारे आकाशात जागचे फारसे हलत नाहीत, म्हणजे ते फार दूर आहेत, आणि इतक्या दुरून एवढे तेजस्वी दिसतात म्हणजे प्रचंड आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. मॉरीबाईंचा भेद न मानणं म्हणजे देवमासा आणि मासा यांतला फरक कळल्यावरही दोघांना एका खणात ठेवण्यासारखं आहे, अशा अर्थाचं पत्र त्यानं पिकरिंगना धाडलं. १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी ताऱ्यांना महाराक्षसीपासून सूर्यासारख्यांपर्यंत रोमन आकड्यांचे वर्ग दिले, त्यातही रेषांच्या रुंदीचा हात आहे.

आपल्या मेघनाद साहांचाही इथं संबंध येतो. १९२० च्या त्यांच्या समीकरणाप्रमाणं दाब उतरला की त्याच तापमानाला जास्त अणू आयन होतात. म्हणून मोठ्या ताऱ्यात रेषा बारीक होतात तशा काही रेषा ठळक आणि काही फिक्याही होतात. दोन्ही खुणा एकत्र वाचायच्या असतात.

विषयाला सोडून एक: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्षेल स्पेक्ट्रोस्कोप घेऊन जमखंडीला येऊन थांबला होता. विजापूरच्या पलीकडं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटात उजळ रेषा दिसल्या आणि त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे ठरलं. हे शास्त्र आपल्या दारावरून गेलेलं आहे.

नवीपेठ

डीव्हीडीचा तुकडा लावून अभिजित-डेनेबचा फरक दिसेल का ओ?

प्रॅक्टिकलची_खोली

नाही. पण आठ इंची दुर्बिणीवर मिलिमीटरला शंभर रेघांची ग्रेटिंग बसवून कॅमेऱ्यानं फोटो काढा. अभिजितच्या हायड्रोजनरेषा काळ्या खाचांसारख्या दिसतात, डेनेबच्या जेमतेम. रुंदी मोजता येणार नाही, कारण तेवढी तर यंत्राचीच असते. फरक आहे एवढं मात्र स्वतःच्या फोटोत दिसतं. शहरात नको, नान्नजकडं जा.

कडकभाकरी

गुरुत्वाची साखळी पटली. तरी वस्तुमान उसनं आणावं लागतं हे मनाला रुचत नाही. उसनवारी न करता त्रिज्या मिळत नाही का?

हिप्परगा

मिळते, तारा फिरत असेल तर. फिरणाऱ्या ताऱ्याची एक कड आपल्याकडं येते, दुसरी लांब जाते. तारा ठिपक्यासारखा दिसतो म्हणून दोन्ही कडांचा प्रकाश एकाच रेषेत मिसळतो आणि रेषा रुंदावते. विल्यम ॲबनीनं १८७७ मध्येच ही कल्पना मांडली होती. ही रुंदी कडेचा वेग देते. ताऱ्यावर डाग असतील तर ते फिरून पुढं आले की त्याची चमक कमीजास्त होते, त्यावरून एका फेरीचा काळ कळतो. वेग गुणिले काळ म्हणजे परीघ. ६.२८ नं भागा, त्रिज्या हातात. गुरुत्व नको, वस्तुमान नको, अंतरसुद्धा नको.

कडकभाकरी

थांबा, सूर्यावर करून बघतो. विषुववृत्तावर फेरी साधारण २५ दिवसांची, वेग सेकंदाला २ किलोमीटर. २५ गुणिले ८६,४०० गुणिले २, झाले ४३,२०,०००. भागिले ६.२८. सुमारे ६ लाख ८८ हजार किलोमीटर.

खरी त्रिज्या ६ लाख ९६ हजार. आईशप्पथ.

जुळेसोलापूर

मालक, शेड बुक करा.

स्लिटवाली

नमस्कार, मी ती सेमिनारवाली मुलगी. पप्पांनी धागा दाखवला. हिप्परगा ताई, दोन शंका. एक, तारा आपल्याकडं ध्रुव करून फिरत असेल तर कड येणार-जाणार कुठं? दोन, तापमान, दाब आणि फिरणं, तिघांनी मिळून एकच रेषा रुंद केली असेल तर कुणाचा वाटा किती हे कसं ओळखायचं?

हिप्परगा

पहिली शंका मोठ्या मोठ्या लोकांना भोवलेली आहे, आणि त्याचा नमुना आपला अभिजितच. त्याच्या रेषांवरून फिरण्याचा वेग सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास यायचा. पांढऱ्या ताऱ्याला हा फारच कमी, म्हणून तो सावकाश फिरणारा धरला जायचा. शिवाय इतर ताऱ्यांची चमक मोजायला तोच मापदंड होता. नंतर त्याच्या काही फिक्या रेषांचा तळ विचित्र सपाट आढळला, आणि पुढं अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून बघितल्यावर नक्की झालं की अभिजितचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडंच आहे. विषुववृत्तावर तो सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास फिरतो. श्रवण तारा याच्या उलट, आडवा दिसतो. त्याच्या रेषा २०० किलोमीटरच्या वर वेग सरळ सांगतात, एक फेरी नऊ तासांच्या आत, आणि त्या वेगानं तो मधे फुगून ध्रुवांना चपटा झालाय.

म्हणून वरच्या रीतीनं मिळते ती त्रिज्या गुणिले अक्षाच्या कलाची साइन. खरी त्रिज्या तेवढी किंवा त्याहून जास्त. कमी कधीच नाही. सूर्याचं विषुववृत्त आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसतं, म्हणून कडकभाकरींचं गणित इतकं जमलं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर रेषेच्या घडणीत आहे. नुसती रुंदी मोजून भागत नाही, रेषा उतरते कशी तेही बघायचं. तापमानाची रेषा घंटेसारखी असते, मधून फुगलेली आणि कडेला पटकन संपणारी. दाबाची रेषा मधे टोकदार, पण तिचे पंख लांबवर रेंगाळतात. फिरण्याची रेषा उथळ परातीसारखी, ठराविक वेगाला दोन्हीकडं कापल्यासारखी थांबते. शिवाय तापमान लोखंडाला कमी आणि हायड्रोजनला जास्त पसरवतं, फिरणं मात्र सगळ्या मूलद्रव्यांना सारखंच. वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा शेजारी ठेवल्या की वाटे करता येतात. सेमिनारात या तीन आकृत्या एकावर एक काढ, अर्धं काम तिथंच होईल.

स्लिटवाली

काढते. मग ढगांचं काय? ते फिरत नाहीत, आणि दाब तर नसल्यातच जमा.

हिप्परगा

बरोबर, आणि म्हणूनच तिथलं वाक्य उलटं होतं. रेणूंच्या ढगाचं तापमान १० केल्विनच्या आसपास. तिथला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू तापमानापायी सेकंदाला जेमतेम ५० मीटर हलतो. ११५ गिगाहर्ट्झला त्याची रेषा मोजली तर मोठ्या ढगात ती सेकंदाला काही किलोमीटर रुंद निघते. म्हणजे रुंदी तापमानाची नाही. ढगाचे लोट एकमेकांत घुसळतायत, त्यांची आहे.

१९८१ साली रिचर्ड लार्सननं वेगवेगळ्या ढगांच्या रुंद्या आणि आकारमानं एका आलेखावर मांडली. आकारमान पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) घेतलं तर वेगाचा पसारा आकारमानाच्या ०.३८ व्या घाताप्रमाणं वाढतो. एक पार्सेकच्या ढगाला सेकंदाला १.१ किलोमीटर, दहा पार्सेकला अडीच, शंभरला सव्वासहाच्या जवळ. नंतरच्या मोजणीत हा घात वर्गमुळाच्या जवळ, म्हणजे ०.५ आला. कारण घुसळण मोठ्या भोवऱ्यांतून लहान भोवऱ्यांत झिरपते, आणि मोठ्या ढगात मोठे भोवरे मावतात.

एक गोष्ट सेमिनारात आवर्जून सांग. लार्सननं रुंदीवरून आकारमान काढलेलं नाही. आकारमान आकाशातल्या पसाऱ्यावरून आणि अंतरावरून आलं, रुंदी रेषेवरून आली, आणि दोघांतलं नातं मग दिसलं. ताऱ्यात रुंदीपासून त्रिज्येपर्यंत भौतिकशास्त्राची पायरी आहे. इथं आहे ते बघून सापडलेलं नातं, त्याच्यामागचं कारण नंतर शोधलं. दोन्हींना 'नियम' म्हणतात म्हणून त्यांचं वजन सारखं धरू नकोस.

आता माझ्या घरचं. दीर्घिकांमध्ये हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा असते, १,४२० मेगाहर्ट्झला. खोडदला नारायणगावजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, त्या ही रेषा ऐकतात. आपल्यासारखी दीर्घिका कडेवरून बघितली तर एक बाजू सेकंदाला २२० किलोमीटरनं जवळ येते, दुसरी तेवढ्यानंच लांब जाते. रेषेची रुंदी झाली सेकंदाला ४४० किलोमीटर, म्हणजे सुमारे दोन मेगाहर्ट्झ, आणि दोन्ही टोकांना शिंगं. मी पहिल्यांदा तो आलेख बघितला तेव्हा यंत्र बिघडलंय असंच वाटलं होतं. टली आणि फिशर यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ही रुंदी जितकी जास्त तितकी दीर्घिका तेजस्वी. तेजावरून अंतर, आणि अंतर कळलं की आकाशात दिसणाऱ्या पसाऱ्यावरून खरं आकारमान. पुन्हा तेच, रुंदीच्या जोडीला दुसरी मोजणी. कलाचं भूत इथंही आहेच, पण दीर्घिकेची तबकडी किती तिरपी दिसते ते फोटोत कळतं, म्हणून ते उतरवता येतं.

गुर्जी

क्वेसार राहिलं. आणि फुटलेल्या ताऱ्याचं कुणी बोललंच नाही, तिथं तर हिशेब सगळ्यात सरळ. स्फोटानंतर कवच चहूकडं पळतं म्हणून रेषा प्रचंड रुंद होतात. सेकंदाला १०,००० किलोमीटर धरा, वीस दिवसांनी कवच १,७२८ कोटी किलोमीटरवर. नेपच्यूनची कक्षा साडेचारशे कोटींची, तिच्या जवळजवळ चौपट. गुणाकार एवढाच.

हिप्परगा

छान आठवण केलीत गुर्जी. क्वेसार आता.

थ्री-सी २७३ हा क्वेसार म्हणजे काय हे १९६३ मध्ये मार्टेन श्मिटनं त्याच्या रुंद हायड्रोजनरेषा ओळखून उलगडलं. अशा वस्तूंत सेकंदाला हजारो किलोमीटर रुंदीच्या रेषा असतात, आणि त्याच वर्णपटात काहीशे किलोमीटरच्या बारीक रेषाही. मधल्या कृष्णविवराभोवती वायू फिरतो. जवळचा वायू वेगानं, लांबचा सावकाश. बुध शनीपेक्षा जोरात फिरतो तेच गणित. म्हणून रुंद रेषा म्हणजे आतला, लहान भाग.

लहान म्हणजे केवढा? इथं जोडीला घेतात उशीर. मध्यभाग अचानक उजळला की भोवतीच्या वायूच्या रेषा काही दिवसांनी उजळतात. तेवढे दिवस प्रकाश वाटेत असतो. एनजीसी ५५४८ या दीर्घिकेवर १९८८-८९ मध्ये मोठी मोहीम झाली, त्यात हायड्रोजनची हिरवट-निळी रेषा सुमारे वीस दिवस मागं राहिलेली आढळली. म्हणजे तो वायू केंद्रापासून सुमारे वीस प्रकाशदिवस दूर. त्याच दीर्घिकेत ज्या रेषा जास्त रुंद, त्यांचा उशीर कमी. तुझ्या वहीतलं तिसरं वाक्य नेमकं हेच आहे. रुंदीचा वर्ग गुणिले अंतर हे जवळपास कायम राहतं, आणि त्याला गुरुत्व स्थिरांकानं भागलं की कृष्णविवराचं वस्तुमान मिळतं, वायूच्या मांडणीचा एक गुणक वर धरून.

२०१८ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणी जोडून थ्री-सी २७३ चा तो भाग थेट मोजला गेला. रेषेच्या तांबड्या बाजूचा आणि निळ्या बाजूचा उजेड आकाशात किंचित वेगळ्या जागी आहे, एवढं बारीक बघून. त्रिज्या आली ०.१२ पार्सेक, म्हणजे साधारण १४५ प्रकाशदिवस.

कडकभाकरी

म्हणजे पहिल्या वाक्यात रुंदी म्हणजे दाब, दुसऱ्यात घुसळण, तिसऱ्यात प्रदक्षिणा. मग व्याधाच्या जोडीदाराच्या, त्या श्वेतबटूच्या, रेषा कशा असतात ते सांगा. तो तर पृथ्वीएवढाच म्हणतात.

हिप्परगा

पृथ्वीपेक्षा थोडा लहानच, आणि वस्तुमान सूर्याएवढं. पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे चार लाखपट. हायड्रोजनरेषा कित्येक नॅनोमीटर रुंद पसरतात, पुढच्या पुढच्या रेषा तर एकमेकींत मिसळून दिसेनाशा होतात. पहिल्या वाक्याचं हे दुसरं टोक. डेनेब, अभिजित आणि हा बटू, तीन वर्णपट एकाखाली एक लाव.

स्लिटवाली

लावते. एक शेवटचं. मृगातला काक्षी तारा (बीटलज्यूस) एवढा मोठा, मग त्याचं फिरणंही रेषेवरून काढलंय का कुणी?

हिप्परगा

काढलंय, सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर. आणि त्यावरच सध्या वाद आहे. एवढ्या फुगलेल्या ताऱ्यानं खरं तर याहून कितीतरी सावकाश फिरायला पाहिजे. त्याच्या पृष्ठभागावर उकळीचे अवाढव्य फुगे येतात, एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. नेमके दोन मोठे फुगे समोरासमोर आले की रेषेत फिरण्यासारखंच दिसतं. २०२४ मध्ये काही संशोधकांनी संगणकावर असे उकळणारे तारे बनवून दाखवलं की न फिरणारा ताराही आपल्याला फिरताना 'सापडू' शकतो. परीक्षकांनी विचारलं तर हा वाद अजून मिटलेला नाही असंच सांग.

जुळेसोलापूर

परीक्षकांनी काय विचारलं ते इथं येऊन लिहायला सांगतो तिला. अमावस्येच्या आसपास नान्नजला जायचं ठरवतोय, प्रॅक्टिकलची खोली, ग्रेटिंग तुम्ही आणा. दुर्बीण आणि शेंगाचटणी माझ्याकडून.